डाव्या हाताची आण

माझी थोरली जाऊ वाईट असती तर माझं बरंचसं आयुष्य सुखात गेलं असतं. कडाकडा भांडले असते, चार शब्द ऐकवले असते, चार ऐकून घेतले असते आणि मोकळी झाले असते. पण ती चांगली होती. चांगल्या माणसावर जळायचं म्हणजे आतल्या आत जळायचं, कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर ऐकणारा आपल्यालाच नावं ठेवतो.

ती जळगावच्या त्या घरात लग्न होऊन आली तेव्हा सासू वारलेली आणि आमचे हे अगदी लहान होते. तिने त्यांना न्हाऊ घातलं, भांग पाडून दिला, मारून-मुटकून शाळेत धाडलं. हे सगळं मला माझ्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात चौघांच्या तोंडून ऐकावं लागलं आणि पुढे जन्मभर ऐकावं लागलं. ह्यांना धुळ्याला नोकरी लागली, आम्ही तिथे दोन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड केलं, तेव्हा मला वाटलं, सुटले. पण भरीत केलं की हे पहिला घास घेऊन जरा थांबत आणि मग मुकाट्याने जेवत. बोलत काही नसत. जळगावची चूल त्यांना आठवली हे मला कळे आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. वांगी तीच, शेंगदाणे तेच, भाजणारी मी होते एवढाच फरक.

हे धुळ्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. साक्षीदाराचं नाव पुकारायचं, त्याला पिंजऱ्यात उभं करायचं आणि ‘देवाशपथ खरं सांगेन, खोटं सांगणार नाही’ हे त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं, हे त्यांचं रोजचं काम. दिवसभर लोकांना शपथा घालून आलेला माणूस घरी फार कमी बोलतो. कधी लहर आली तर सांगत की खोटं बोलणारा शपथ घेतानाच ओळखू येतो, तो ती गरजेपेक्षा मोठ्याने घेतो.

आमचे सासरे, आबा, कापसाच्या जिनात मुकादम होते. मुकादमी करून त्यांनी जळगावला माडीचं घर बांधलं. मग त्यांना अर्धांगवायू झाला आणि ते जे अंथरुणाला खिळले ते कित्येक वर्षांनी घराबाहेर निघाले ते चौघांच्या खांद्यावरच. तेवढी वर्षं त्यांचं सगळं थोरलीने केलं. सगळं म्हणजे काय ते ज्याने आजारी माणसाचं केलंय त्यालाच कळेल. मी सणावाराला जाई तेव्हा मीही हात लावायला पुढे होई, पण आबांना तिच्याच हाताची सवय. माझा हात लागला की ते तोंड फिरवत.

आबा गेले आणि घराचा वाद निघाला. थोरले दीर म्हणाले, आबांच्या मनात होतं की घर आमच्याकडेच राहावं. पाचोऱ्याला दुकान असलेले मधले दीर म्हणाले, मनातलं कुणी पाहिलं? घर विका आणि तिघांत वाटा. आबांनी लिहून काही ठेवलं नव्हतं. शेवटच्या दुपारी त्यांच्याजवळ फक्त आमचे हे होते, बाकीची सगळी जेवायला बसली होती. तेव्हा जातीच्या पंचांनी ठरवलं की धाकट्याने घरातल्या कानबाई देवीच्या नारळावर हात ठेवून सांगावं, आबा जाताना घराविषयी काही बोलले की नाही. बोलले असतील तर तसं, नसतील तर तीन वाटे. कानबाईची खोटी आण पोराबाळांवर उलटते, असं आमच्याकडे मानतात. होळीनंतरचा दिवस ठरला.

म्हणजे सगळं ह्यांच्या जिभेवर आलं. मला काय हवं होतं ते लपवत नाही. मला तो तिसरा वाटा हवा होता. धुळ्यात चार भिंती स्वतःच्या हव्या होत्या, जिथे माझी चूल ही पहिली चूल असेल. आणि ती माडी थोरलीला मिळू नये असंही वाटत होतं. वाट्यापेक्षा ह्याचीच मला जास्त ओढ होती की काय, ते आजही सांगता येणार नाही.

हे मात्र गप्प झाले होते. विचारलं तर म्हणत, विचारू नको. मी माझ्या मनाशी हिशेब मांडला: आबा काहीच बोलले नसते तर ह्यांना एवढी काळजी कशाची? सरळ ‘नाही’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. त्या अर्थी आबा बोलले होते, घर थोरलीला देऊन गेले होते आणि आता बायकोमुलाचा वाटा खरं बोलून घालवावा की काय, ह्या पेचात हे पडले होते. मला ते दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं.

त्याच सुमारास आमच्या मुलाला गोवर निघाला. कुणी कळवलं देव जाणे, तिसऱ्या दिवशी थोरली दारात उभी. सोबत कडुनिंबाचा पाला आणि बाजरीचं पीठ, जसं काही धुळ्यात कडुनिंब उगवतच नाही. माझ्या मुलाच्या उशाशी ती बसली आणि तो मेला कार्टा माझ्याकडे ढुंकून बघेना. तो उठून हिंडू-फिरू लागला त्या दिवशी हे म्हणाले, वहिनीला सिनेमा दाखवू. पांझरा नदीच्या वाळूत तंबू पडला होता. मी धुळ्यात इतकी वर्षं राहत होते, तंबू दरवर्षी पडे, पण मला काही तो कधी कुणी दाखवला नव्हता. वहिनी आली तेव्हा ह्यांना तंबू दिसला.

तोवर बोलपट आले नव्हते. तंबूच्या मधोमध पडदा, एका बाजूला मशीन आणि पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही बायका. आमचं तिकीट निम्मं. चित्र आरपार दिसावं म्हणून एक माणूस पिचकारीने पडदा ओला करी आणि पुढच्या रांगेतल्या बायकांच्या डोक्यावर शिंतोडे उडत. मधूनमधून अक्षरांची पाटी येई. मला लिहिता-वाचता येत होतं, पण ती अक्षरं काही केल्या लागेनात. मला वाटलं गुजराती असणार, आमच्याकडे निम्म्या दुकानांच्या पाट्या गुजरातीच असत. तिकडून पुरुषांच्या बाजूने एकजण पाटी मोठ्याने वाचून दाखवी, ते आम्हाला ऐकू येई, म्हणून अडलं नाही.

तंबूत नेहमी देवाधर्माचे खेळ यायचे, असं शेजारणी सांगत. हा खेळ निराळा निघाला. ह्यात एक राखणदार होता, गुडघ्यापर्यंत धोतर, बंडीला ठिगळ, थेट आमच्या गल्लीतून उचलून नेल्यासारखा. सावकाराच्या कोठारातून एक विधवा बाई पोरांसाठी ओंजळभर धान्य उचलते आणि तो ते बघतो. चोरी कळते. सावकार त्याला चौघांत उभं करतो, त्याची चिमुरडी मुलगी पुढे आणतो आणि म्हणतो, हिच्या डोक्यावर हात ठेवून सांग, कुणाला पाहिलंस. देवांच्या गोष्टीत असा पेच पडत नाही, देवाला शेवट आधीच ठाऊक असतो. ह्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं. तो बाईकडे बघे, मुलीकडे बघे, आणि त्याचा हात वर येऊन मधेच थांबे. तंबूत कुणी खोकत नव्हतं. अखेर त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, मी कुणालाही पाहिलं नाही.

आमच्या बाजूला एकदम हशा पिकला, कारण त्याने डावा हात ठेवला होता. डाव्या हाताची आण कधी लागते का? प्रसाद डाव्या हाताने घेत नाहीत, कुंकू लावत नाहीत, मग शपथ तरी कशी लागावी? बायका म्हणाल्या, गडी मोठा हुशार, सावकाराच्या तोंडाला पानं पुसली. पुढे त्याच्या मुलीला ताप भरला, तो रात्रंदिवस उशाशी बसून कपाळ बडवून घेऊ लागला, तेव्हा आम्हाला त्याची कीव आली पण काळजी वाटली नाही. वेडा आहे, आपणच डावा हात ठेवला हे विसरला, असं माझ्या शेजारची म्हणाली. मुलगी शेवटी डोळे उघडते. आम्ही हसत-खिदळत बाहेर आलो.

बाहेर पुरुष उभे होते, आणि एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं. आमचे हे तर आजारातून उठल्यासारखे दिसत होते. वाटेत म्हणाले, मुलगी वाचवायला नको होती. वाचवली म्हणजे त्याचं सोपं झालं. मी म्हटलं, सोपं तर आधीच होतं, त्याने हात डावा ठेवला होता की. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दारू पिऊन आले.

थोरली तंबूत सगळा वेळ रडत होती. एकटी तीच हसली नव्हती. तिला मी म्हटलं, सांगा तुम्हीच, डावा होता ना? ती पदराने डोळे पुसत म्हणाली, “हात कोन्ता का ऱ्हायेना, पोरना डोकावरच व्हता ना.”

हे वाटेतच थांबले. वाळूत उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी त्यांच्याशी बोलतेय, रांधतेय, भांडतेय, पण माझ्या कुठल्या वाक्याला ते असे उभे राहिले नव्हते. मला त्या क्षणी तिला परत गाडीत बसवून द्यावंसं वाटलं.

ती दोन दिवसांनी गेली. मग मी ह्यांच्याजवळ विषय काढला. म्हटलं, खरं बोलायचं तुमच्या जिवावर आलंय आणि खोटं बोलायची भीती वाटतेय, तर राखणदाराने केलं तसं करा. नारळावर डावा हात ठेवा आणि सांगा, आबा काही बोलले नाहीत. पंच म्हातारे आहेत, कोण बघतंय?  हे म्हणाले की त्याने उजवा हात ठेवला होता.

मी म्हटलं, डावा. ते म्हणाले, मी रोज हेच काम करतो, लोकांचे हात बघणं हीच माझी नोकरी आहे, उजवा. मी चिडले. मी म्हटलं, “मी मन्हा डोयाघाई दखं. डावाच व्हता.” तेव्हा त्यांचाही आवाज चढला. एवढ्या-तेवढ्यावरून आमच्या घरात सहसा भांडण होत नसे, पण त्या हातावरून आम्ही जेवण टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर मी बायकांना विचारलं. सगळ्याजणी म्हणाल्या, डावा. संध्याकाळी हे कोर्टातून आले ते सांगत, कारकून, वकील, खुद्द नाझरसाहेब, सगळे म्हणतात उजवा. गल्लीत घरोघरी तंटा लागला. नवरा म्हणे उजवा, बायको म्हणे डावा. एका घरात तर पाटावरून उठून ताट भिरकावण्यापर्यंत गेलं. पुरुषांना वाटे बायकांना अक्कल नाही आणि बायकांना वाटे पुरुषांना सरळ बघता येत नाही. मला मात्र काळजी निराळीच होती. हात डावा असेल तर माझा वाटा वाचत होता. उजवा असेल तर मी ह्यांना काय सांगत होते?

तंबू अजून उठला नव्हता. मी शेजारणीला घेऊन पुन्हा गेले. शपथेचा प्रसंग जवळ आला तशी उठले आणि पडदा जिथे खांबाला बांधला होता तिथे, कडेला, जाऊन उभी राहिले. इकडे डोकावलं की बायकांची बाजू, तिकडे डोकावलं की पुरुषांची. राखणदाराने हात उचलला. इकडून डावा. मी मान तिकडे घातली. उजवा. पुन्हा इकडे, डावा. तेवढ्यात पाटी आली आणि पुरुषांच्या बाजूने ती सरळ, स्वच्छ मराठीत होती, पहिलीच्या पोराने वाचावी अशी. पिचकारीवाला माझ्यावर खेकसला तेव्हा मी मागे झाले.

मला आधी राग आला तो तंबूवाल्याचा. निम्म्या तिकिटात आम्हाला आरशातल्यासारखा उलटा माणूस दाखवला आणि सांगितलंही नाही. मग हळूहळू कळलं की आम्ही ज्याला हुशार समजून हसलो तो हुशार नव्हताच. त्याने उजव्या हाताने, पूर्ण समजून, स्वतःच्या मुलीच्या डोक्यावर खोटी आण वाहिली होती, एका परक्या भुकेल्या बाईसाठी. मग ते उशाशी बसणं, ते कपाळ बडवणं, सगळं खरं होतं. पुरुषांच्या तोंडचं हसू का गेलं होतं ते मला तिथे कळलं. आणि थोरलीने उलट्या बाजूला बसूनही ते बरोबर ओळखलं होतं. ह्याचा मला राग आला तो तर सगळ्यांत मोठा.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं की उजवाच होता. ते म्हणाले, मला माहीत आहे. पुढे तो विषय दोघांनीही काढला नाही.

ठरल्या दिवशी आम्ही जळगावला गेलो. ओसरीवर पंच बसले होते, मधले दीर पाचोऱ्याहून आलेले, थोरले दीर खाली मान घालून. आम्ही दोघी जावा आत दाराशी. थोरलीने देवघरातून कानबाईचा नारळ काढून ताटात ठेवून बाहेर दिला, आणि परत येऊन भिंतीला टेकली. तिच्या तोंडाकडे मी निरखून बघत होते. हावरेपणा दिसावा अशी माझी फार इच्छा होती. ती नुसती दमलेली दिसत होती.

ह्यांनी उजवा हात नारळावर ठेवला. आवाज न चढवता, अगदी हळू म्हणाले की आबांनी जाताना एवढंच सांगितलं, “जिनी मन्हं बठ्ठं करं, घर तिनं.”

जिने माझं सगळं केलं, घर तिचं. पंचांनी माना डोलावल्या. हे हळू बोलले होते, म्हणून मीही मनात म्हटलं, खरंच आहे, माझा हिशेब बरोबर होता. मधले दीर न जेवता निघून गेले. थोरली आत जाऊन चुलीपुढे बसली आणि रडली. मग तिने सगळ्यांना वाढलं. मी जेवले. भरीत होतं, आणि ते नेहमीसारखंच माझ्यापेक्षा चांगलं होतं.

परतताना चाळीसगावला गाडी बदलायची. धुळ्याच्या गाडीला अवकाश होता, आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. मुलगा माझ्या मांडीवर झोपला होता. तिथे मला राहवलं नाही. म्हटलं, खरं बोललात, चांगलं केलंत, आता मुलाबाळांना घेऊन जन्मभर भाड्याच्या खोलीत राहू. माझ्या बोलण्यात जेवढं विष घालता येईल तेवढं घातलं.

हे रुळांकडे बघत होते. म्हणाले, “आबा काहीच बोलनात नही. आबास्नी फक्त पानी मांगं.”

मला आधी समजलंच नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. शेवटच्या दुपारी आबांनी पाणी मागितलं, हे चमच्याने पाजत होते, आणि निम्मं पाणी बाहेर येऊन आबा गेले. घराचं नाव नाही, थोरलीचं नाव नाही. म्हणजे खरं सांगितलं असतं तर वाटा आमचा होता. इतके दिवस ज्या पेचात हे होते तो मी समजत होते त्याच्या नेमका उलटा होता. खरं बोलावं आणि वहिनीला रस्त्यावर काढावं, की खोटी आण वाहावी. आणि त्यांनी कानबाईच्या नारळावर, उजव्या हाताने, खोटी आण वाहिली होती.

मी मुलाला घट्ट धरलं. तो झोपेत कुरकुरला. भीती वाटली, पण ती थोडा वेळ. मग जे वर आलं ते माझं नेहमीचंच होतं.

पुढच्या गोष्टी सांगायच्या तर, मुलाला काही झालं नाही. ह्यांना मात्र झालं. त्यांनी साहेबांच्या मागे लागून पिंजऱ्याजवळचं काम सोडलं आणि समन्स वाटायचं मागून घेतलं. खेडोपाडी उन्हातान्हात पायपीट, धूळ, कुत्री, पण साक्षीदाराला शपथ घालायला नको. कारण कुणालाच सांगितलं नाही. पुढे बोलपट आले, पक्की थिएटरं झाली, बायका पडद्याच्या सरळ बाजूला बसू लागल्या, पण हे पुन्हा कधी सिनेमाला आले नाहीत. थोरलीला खरं कधी कळलं नाही. मला सांगता आलं असतं. पुष्कळदा जिभेवर आलं. पण तिला कळलं असतं तर ती घर सोडून निघाली असती, आणि मग ह्यांनी वाहिलेली आण फुकट गेली असती. मी जळत असले तरी एवढी मूर्ख नव्हते.

पण हे सगळं नंतरचं. त्या बाकावर मला ना पाप सुचलं, ना पुण्य. एवढंच दिसत होतं की माझ्या नवऱ्याने एका बाईसाठी स्वतःच्या मुलाबाळांवर आण ओढवून घेतली, आणि ती बाई मी नव्हते. धुळ्याची गाडी फलाटाला लागत होती, लोक बोचकी उचलत होते. मी ह्यांना विचारलं, “मन्हासाठे लिधी असती का तुम्ही अशी आन?”

ते खूप वेळ विचार करत राहिले. गाडी थांबली, माणसं चढू लागली, तरी ते विचारच करत होते. मग म्हणाले, “माले सांगता येत नही.”

सकाळीच एवढी मोठी खोटी आण वाहून आलेल्या त्या माणसाला माझ्यासाठी एवढंसं ‘हो’ काही खोटं बोलता आलं नाही.